बिल कुठंय?

आमच्या मंडळाकडे पुस्तकांची एक गाडी आहे. गाडी म्हणजे इंजिन नसलेला ट्रेलर. दोन चाकं, वर पेटीसारखी बंद बॉडी, बाजूचे पत्रे वर उचलले की आत पुस्तकांचे कप्पे. जीपच्या मागे हुकाला अडकवायचा आणि निघायचं. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव आणि मधल्या काळात नांदेड जिल्ह्यातली गावं. दहा-दहा, पन्नास-पन्नास रुपयांच्या पावत्या फाडून, दोन वर्षं वर्गणी गोळा करून मार्च २०२३ मध्ये आम्ही तो घेतला. एकूण तीन लाख दहा हजार पडले.

घेतला कुठून, तर थेट गुजरातमधून. मोबाईलवर व्हिडिओ बघितला, भाव विचारला. इथल्या फॅब्रिकेशनवाल्यापेक्षा साठ हजार स्वस्त आणि वर एक वर्षाची वॉरंटी. आम्ही खूश. विक्रेता फोनवर इतका गोड की विचारू नका, "भाई, चिंता मत करो" हे वाक्य आम्हाला पाठच झालं होतं.

जूनच्या पहिल्याच पावसात छताच्या जोडातून पाणी आत आलं. दोन कप्पे भिजले. भाषणं आणि लेखनाचे खंड, बुद्ध आणि त्यांचा धम्म, सगळी पानं फुगून एकमेकांना चिकटली. फोन केला. भाई म्हणाले, सिलिकॉन लावा. लावलं. पुन्हा गळलं. ऑक्टोबरमध्ये नागपूरला जाताना वर्ध्याच्या अलीकडे रात्री डाव्या चाकाचं बेअरिंग जाम झालं, हब इतका तापला की रंग जळाल्याचा वास जीपमध्ये आला. सकाळपर्यंत रस्त्याच्या कडेला बसलो. आमच्याच लोकांच्या गाड्या निळे झेंडे लावून शेजारून जात होत्या, थांबून विचारत होत्या.

मग खरी गंमत सुरू झाली. विक्रेता म्हणाला, ट्रेलर आमच्या वर्कशॉपला आणा, फुकट करून देऊ. नऊशेच्या आसपास किलोमीटर, एक चाक खराब, जाणं-येणं आमच्या खर्चाने. म्हणजे फुकट दुरुस्तीला तीस-पस्तीस हजार. बरं, इथल्या मेकॅनिककडे करू का, तर "दुसऱ्याने हात लावला की वॉरंटी गेली." बनवणाऱ्या कारखान्याला विचारलं तर ते म्हणाले, ज्याच्याकडून घेतला त्याच्याशी बोला. डिसेंबर जवळ आलेला. शेवटी चाकाचं काम पदरचे पैसे घालून इथेच केलं आणि छतावर ताडपत्री बांधून मुंबईला गेलो.

मंडळाच्या बैठकीत यावर जे झालं ते लिहायला थोडी लाज वाटते, पण लिहितो. एक ज्येष्ठ दादा म्हणाले, जाऊ द्या, दान समजा, चळवळीत असल्या गोष्टींवर वेळ घालवू नये. तरुण पोरं म्हणाली, दोन जीपा भरून जाऊ आणि त्याच्या दारात घोषणा देऊ. दोन्ही बाजूंना टाळ्या पडल्या. मग आमच्या खजिनदार ताईंनी एकच प्रश्न विचारला, "बिल कुठंय?"

बिल एकाच्या घरी, वॉरंटी कार्ड दुसऱ्याच्या. पावसाचे फोटो तिसऱ्याच्या मोबाईलमध्ये, तो मोबाईलही बदललेला. सगळी बोलणी तोंडी, लेखी ईमेल एकही नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तीन लाख दहापैकी चाळीस हजार आम्ही रोख दिले होते, "बिलात कमी दाखवतो, टॅक्स वाचेल" या बोलीवर. हे आम्ही केलं. रोज संविधानाची उद्देशिका वाचणाऱ्या मंडळाने केलं. त्या चाळीस हजारांचा आज कुठेही पुरावा नाही आणि ते मागायचं तोंडही नाही. वर्गणीदारांपुढे हे मांडलं तेव्हा एका म्हाताऱ्या आईने विचारलं, "माझे शंभर त्या चाळिसातले का बाकीच्यातले?" उत्तर नव्हतं.

दान समजा म्हणणाऱ्या दादांना आमचा आदर ठेवून प्रश्न आहे. आपल्या आज्यांना दुकानदार सामान वरून टाकायचा. पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, तो त्यावर पाणी शिंपडून उचलायचा. माप कमी भरलं, धान्यात खडे निघाले, तरी बोलायची सोय नव्हती, कारण सामान मिळालं हीच मेहरबानी. ती सवय आपल्या अंगातून अजून गेलेली नाही. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची दुरुस्ती मागताना आम्ही फोनवर "साहेब, जरा बघा ना" म्हणत होतो. कुणी आमची जात विचारली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगतो. आवाज आमचाच खाली गेला होता.

आणि घोषणावाल्या पोरांसाठी महाड. सत्याग्रह आपल्याला पाठ आहे, खटला किती जणांना माहीत आहे? डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी बाबासाहेबांवर दावा लावला, मनाईहुकूम आणला. तो दावा चालत चालत मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात संपला. तळं कुणाच्या मालकीचं, रूढी खरंच किती जुनी, याचे पुरावे तपासले गेले आणि रूढी सिद्ध झाली नाही. जवळपास दहा वर्षं बाबासाहेब तो कागद लढले. ट्रेलरची आणि चवदार तळ्याची बरोबरी कुणी करू नये, आम्हीही करत नाही. पण संध्याकाळी घोषणा देऊन सकाळी फाईल हरवणारी चळवळ कुणाची वारसदार, एवढं तरी विचारू या.

ताईंनी आठवडाभर बसून कायदा वाचला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जुलै २०२० पासून लागू. जुन्या कायद्यात समोरचा जिथे राहतो, धंदा करतो किंवा जिथे घटना घडली तिथे तक्रार करावी लागे. नव्या कायद्याच्या कलम ३४ मध्ये तक्रारदार स्वतः जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. नऊशे किलोमीटरचा प्रश्न तिथेच संपला. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती फोनवरच्या गोड बोलण्यात निघून जाते. म्हणून आधी विक्रेता आणि कारखाना दोघांना रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, पोचपावत्या जपल्या, भिजलेल्या पुस्तकांची यादी किमतीसकट जोडली. वर्ध्याच्या टायरवाल्या भाऊंनी त्या रात्रीची पावती तारखेसह दिली होती, तीच सगळ्यात कामाला आली.

नोटिशीला उत्तर नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात तक्रार दाखल केली. आयोगाची नोटीस गेल्यावर तीन आठवड्यांत "भाई" स्वतः फोनवर! कारखान्याचा माणूस रेल्वेने आला, इथल्या वर्कशॉपमध्ये उभा राहून छताचे जोड उखडून नव्याने बसवले, दोन्ही हब बदलले. दोन दिवसांचं काम. एक वर्ष आम्हाला जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते हेच.

दुरुस्ती झाली, तक्रार मागे घ्या, असा आग्रह आता सुरू आहे. आम्ही घेतलेली नाही. भिजलेली पुस्तकं आणि चाकाचा खर्च बाकी आहे. विक्रेत्याने लेखी जबाबात म्हटलंय की आम्ही पुस्तकं विकतो, म्हणजे ट्रेलर व्यापारी कारणासाठी घेतला, म्हणून आम्ही ग्राहकच नाही. मुद्दा हलका नाही. खरेदीचा मुख्य हेतू नफा होता का, हे न्यायालयं पाहतात, आणि आमचा हेतू काय होता हे भाषणाने सिद्ध होणार नाही. पुस्तकं छापील किमतीपेक्षा कमी दरात, आम्हाला पडलेल्या भावात विकतो याचे तीन वर्षांचे हिशेब ताई आणि दोन पोरं सध्या रात्री बसून लावत आहेत. हीच ती जीपा भरून जायला निघालेली पोरं. एकाने काल विचारलं, "ताई, २०२२ ची पावती-पुस्तकं कुठंय?"

ती अजून सापडलेली नाहीत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी पुढच्या तारखेआधी आणून द्यावीत. जय भीम.