बुधवारी माहीमला

बुधवारी ऑफिस सुटलं की एल. जे. रोडच्या टोकाला जाऊन बघा. कॉजवेच्या अलीकडे सेंट मायकल चर्च. १९४८ पासून इथे दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना होते. रांगेत फक्त ख्रिस्तीच असतात असं समजू नका. टिकलीवाल्या काकू, टाय सैल केलेले आपल्यासारखे, सगळेच असतात. बाहेर मेणाच्या वस्तू विकायला. पाय दुखतोय? मेणाचा पाय. मूल हवंय? मेणाचं बाळ. मी घर घेतलं. होम लोनचं टेन्शन, दुसरं काय!

आत फादर मत्तयच्या शुभवर्तमानातला एक भाग समजावत होते. वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि आठवलं, की कुणाचं तरी मन तुमच्यामुळे दुखावलंय, तर अर्पण तिथेच ठेवा. आधी जाऊन समेट करा, मग या.

झालं! मला सोमवारचं प्रेझेंटेशन आठवलं. आयडिया शेजारच्या टेबलवरच्या मित्राची, शाबासकी माझी. तेव्हापासून तो चहाला येत नाही.

"आजी, जरा धरता का?" म्हणत मेणाचं घर शेजारच्या आजींकडे दिलं आणि बाहेर येऊन फोन लावला.

"बोल," तो म्हणाला.

कॉजवेवर हॉर्नचा एवढा गोंगाट, की सॉरी दोनदा म्हणावं लागलं.