पंधराशे रुपयांचा खटला आणि नंतरचे

इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजचं नाव वकिलांच्या पुस्तकांत १९५५ पासून आहे. त्या वर्षी २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने ‘डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य’ या खटल्याचा निकाल दिला. दिल्लीचा एक विद्यार्थी १९५२ साली इथे एमबीबीएसला लागला होता. मध्य भारतातल्या मुलांना कॅपिटेशन फी माफ होती. बाहेरच्यांपैकी जे नॉमिनी म्हणून आले त्यांना तेराशे रुपये पडत, बाकीच्यांना पंधराशे. त्याने राज्यघटनेच्या बत्तिसाव्या कलमाखाली थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. मीही याच देशाचा नागरिक, मग माझ्याकडून वेगळे पैसे का, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

हा खटला मला शेजारच्या काकांनी सांगितला. ते हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात कारकून होते. संध्याकाळी ओट्यावर बसले की कोर्टातलं काही ना काही निघायचं आणि आम्ही पोरं गोष्ट ऐकावी तसं ऐकायचो. पाचांपैकी चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने होते, न्यायमूर्ती जगन्नाथदास तेवढे वेगळे. घटनेने जन्मस्थानावरून भेद करायला मनाई केली आहे, पण वास्तव्य ही वेगळी बाब आहे, असं बहुमताने ठरलं. राज्य आपल्या पैशाने डॉक्टर घडवतं, ते इथेच राहून इथल्यांची सेवा करतील ही अपेक्षा गैर नाही, असंही न्यायालयाने मानलं. मला सगळ्यात आवडायचा तो ‘रहिवासी कोण’ या व्याख्येचा भाग. ३० सप्टेंबर १९४८ पूर्वी पाकिस्तानातून आलेला आणि इथेच कायम राहू इच्छिणारा माणूसही त्यात मध्य भारताचाच धरला होता. आमच्या वर्गात सिंधी मुलं होती. त्यांचे वडील घरदार सोडून आले होते आणि सरकारी नियमाने त्यांना ‘आपलं’ म्हटलं होतं. त्या नियमातली ही माया आजही मला मोठी वाटते.

तो विद्यार्थी हरला. पण १९५२ मध्ये प्रवेश आणि जानेवारी १९५५ मध्ये निकाल! एमबीबीएस पुरं व्हायच्या आत देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला हो की नाही ते सांगून टाकलं होतं.

माझ्या आठवणीतला काळ १९८० च्या आसपासचा. तेव्हा मेडिकल म्हणजे पीएमटी ही प्रवेशपरीक्षा, आणि पीएमटीचा निकाल म्हणजे ‘नईदुनिया’. पहाटे पेपरवाल्याच्या सायकलची वाट बघत अख्खी आळी जागी असायची. बारीक टाइपातल्या आकड्यांच्या रांगांवरून बोट फिरवत ताई आपला रोल नंबर शोधायची, आणि आई देवापाशी निरांजन लावून तिथूनच विचारायची, “दिसला का गं?” मध्य प्रदेशात तेव्हा सहा सरकारी मेडिकल कॉलेजं होती: इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर, रीवा आणि रायपूर. छत्तीसगड अजून वेगळं झालं नव्हतं. या सहांत जागा मिळाली नाही तर बहुतेकांसाठी तो विषय तिथेच संपायचा. पण मिळाली तर फी एवढी असायची की शाळामास्तराच्या पगारातही मुलगी डॉक्टर होऊ शकत होती.

१९८० मध्येच पीएमटीत अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा भरण्याइतकी मुलं किमान गुणांपर्यंत पोचली नाहीत. सरकारने आधी अट सैल केली, मग ती पूर्णच काढून टाकली. त्याविरुद्ध हायकोर्टात अर्ज झाला आणि हायकोर्टाने ती सवलत रद्द केली. सरकार वर गेलं आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कायद्याच्या पुस्तकांत हा ‘निवेदिता जैन खटला’ म्हणून आहे. आमच्या मराठी घरांतून तेव्हा याचीच चर्चा चाले. रामबाग, नारायणबाग, जेलरोड, कुठेही जा, ‘आपल्या मुलांनी जायचं कुठे?’ हा सवाल कानावर यायचाच. बोलणारी माणसं वाईट नव्हती. घरात पोर रात्र-रात्र जागून अभ्यास करत होतं, त्याचा जीव जळताना दिसत होता.

पण त्याच सुमारास आजोबांच्या आजारपणात मी एमवाय हॉस्पिटलमध्ये बरेच दिवस राहिलो. वॉर्डात झाबुआ-धारकडची माणसं भरलेली असत. एका भिल्ल बाईला राउंडवरचे डॉक्टर विचारत होते, दुखतं कुठे, कधीपासून. ती बोलत होती, हाताने दाखवत होती, आणि डॉक्टरांना एक अक्षर कळत नव्हतं. शेवटी झाडू मारणाऱ्या माणसाला बोलावलं, तो तिच्याच मुलखातला. तो सांगेल ते ऐकून डॉक्टर लिहीत गेले. त्या वॉर्डात भिली समजणारा डॉक्टर नव्हता. ओट्यावरच्या वादांत मात्र त्या बाईचं नाव कधीच निघालं नाही. तिच्या मुलाने पीएमटी द्यावी, असं कुणाच्या मनातही येत नसे.

आमच्या इंदुरात हे व्हावं याचं मला विशेष वाटतं. बाबासाहेबांचा जन्म इथून हाकेच्या अंतरावर, महूच्या लष्करी छावणीतला. मद्रास राज्यातले मेडिकल आणि इंजिनिअरिंगचे जातवार वाटे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९५१ मध्ये ‘चंपकम दोराईराजन’ खटल्यात रद्द केले. त्यानंतर जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती होऊन पंधराव्या कलमात चौथं उपकलम आलं. तेव्हा कायदामंत्री बाबासाहेबच होते. राखीव जागांच्या खटल्यांचा इतिहास मेडिकलच्या सीटपाशी सुरू होतो आणि पुनःपुन्हा तिथेच येऊन ठेपतो.

पुढचे खटले भराभर सांगतो. १९८४ मध्ये ‘प्रदीप जैन’ खटल्यात इंदूरच्या त्या जुन्या जोशी निकालाची पुन्हा चिकित्सा झाली. त्यातूनच पुढे सरकारी कॉलेजांतल्या एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात गेल्या. ऑगस्ट १९९९ मध्ये ‘डॉ. प्रीती श्रीवास्तव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’. आपल्या सरकारने पीजीच्या परीक्षेत पात्रतेचे गुण अनुसूचित जातींसाठी २० टक्क्यांवर आणि जमातींसाठी १५ टक्क्यांवर आणले होते, खुल्या गटाला ४५ होते. एवढी तफावत न्यायालयाने नाकारली. मला तो निकाल पटतो. पीजीपर्यंत पोचलेल्या मुलाला पंधरा टक्क्यांवर पास करणं म्हणजे त्याला शिकवण्याची जबाबदारी झटकणं.

आता पेपर उघडून नंबर शोधणारं कुणी नाही. नीट, काउन्सेलिंग, चॉइस फिलिंग, मॉप-अप राउंड, सगळं मोबाइलवर. शेजारच्या मुलीला गेल्या वर्षी अलॉटमेंट लेटर आलं ते रात्री, आणि घरात पहिला प्रश्न निघाला, “यावर स्टे तर नाही ना?” मुलाने रँक काढली, कागद पुरे केले, तरी मनाला स्वस्थता नाही. मार्च २०१९ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून ओबीसींचा कोटा १४ वरून २७ टक्के केला. अकरा दिवसांत जबलपूरच्या मुख्यपीठाने पीजी मेडिकलच्या प्रवेशांपुरती त्याला स्थगिती दिली. हा अंतरिम आदेश. त्या वर्षी एमडी-एमएसला लागलेल्यांचा तीन वर्षांचा कोर्स केव्हाच पुरा झाला, ते आता स्वतःचे पेशंट बघतात. मुख्य प्रश्न मात्र तारखांवर तारखा घेत वरपर्यंत गेला. २०२१ मध्ये अखिल भारतीय कोट्यातल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस जागांच्या सुनावणीमुळे पीजीचं काउन्सेलिंग लांबलं. ते सुरू झालं जानेवारी २०२२ मध्ये. देशभरातल्या सरकारी हॉस्पिटलांत ज्युनिअर डॉक्टरांची एक अख्खी बॅच तितके महिने कमी होती, तीही कोविडच्या दिवसांत.

काकांच्या काळी कोर्टात जायचं म्हणजे ज्यांच्या घरात वकिलाची फी भरायची ऐपत आणि इंग्रजी अर्ज वाचायची सवय असे, त्यांनी. राखीव जागांच्या खटल्यांत राखीव जागांवरची मुलं क्वचितच स्वतः उभी राहत. त्यांच्या वतीने सरकार बोले, बरं-वाईट जसं जमेल तसं. हे बदललं आहे, आणि या बदलाचा मला मनापासून आनंद आहे. २०२३ मध्ये आपल्या राज्याने सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी एमबीबीएसच्या ५ टक्के जागा ठेवल्या. त्यातल्या खुल्या गटाच्या जागांवर सरकारी शाळेतल्याच, जास्त गुण मिळवलेल्या मागास वर्गातल्या मुलांना घेतलं नाही. जागा उरल्या, त्या सर्वसाधारण खुल्या गटाकडे वळवल्या. ही मुलं हायकोर्टात हरली, पण थांबली नाहीत. २० ऑगस्ट २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि विश्वनाथन यांच्या खंडपीठाने सांगितलं की गुणांवर खुली जागा मिळत असेल तर ती त्यांची आहे, जात आडवी येणार नाही. सरकारी शाळेच्या बाकावर बसलेली पोरं ‘आम्हाला सवलत नको, आमच्या गुणांची जागा द्या’ म्हणत दिल्लीपर्यंत गेली आणि जिंकली. आमच्या ओट्यावर हे कुणी सांगितलं असतं तर १९८० मध्ये विश्वास बसला नसता.

पण त्यांना प्रवेश मिळाला तो पुढच्या वर्षीचा. न्यायालयाला २०२४-२५ च्या बॅचमध्ये त्यांना घ्यायला सांगावं लागलं, कारण त्यांचं हक्काचं वर्ष सुनावणीत गेलं होतं. सरकारी शाळेतून आलेल्या मुलाच्या घरी एक वर्ष थांबणं म्हणजे काय असतं, हे मी आमच्याच आळीत पाहिलंय. मोठा मुलगा घरी बसला की धाकट्याची शाळा सुटते, बहिणीच्या लग्नाचं बोलणं निघतं. ऐपतवाल्याचा मुलगा तेवढ्यात खासगी कॉलेजात लाखांची फी भरून दुसऱ्या वर्षाला गेलेला असतो.

म्हणूनच वाटतं, जुलै-ऑगस्टमधल्या प्रवेशाच्या खटल्यांसाठी हायकोर्टांनी वेगळं खंडपीठ बसवावं, आणि काउन्सेलिंगच्या शेवटच्या फेरीआधी निकाल द्यावा. त्या दिल्लीच्या विद्यार्थ्याला कॉलेजात असतानाच उत्तर मिळालं होतं, तेही टाइपरायटर आणि कार्बन कागदाच्या काळात. झाबुआच्या मुलीला ते ऑगस्टातच मिळायला हवं.