उन्हाळा, चिंता आणि दुपारचा दूरध्वनी

प्रशासनात उन्हाळा हा टंचाईचा ऋतू म्हणून ओळखला जातो. टँकर, विंधनविहिरी, चारा, वणवे यांचे तक्ते आपल्याकडे तयार असतात. या ऋतूत अधिकाऱ्याच्या मनाचे काय होते, यासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. तो असावा असेही मी म्हणणार नाही, कारण रकाना आला की तो भरून दर सोमवारी मागवला जाईल. तरीही पश्चिम ओडिशात, बोलांगीर-टिटलागढच्या पट्ट्यात, सेवेनिमित्त काढलेल्या उन्हाळ्यांविषयी थोडे लिहावेसे वाटते.

या राज्यातील उष्णतेची भीती निराधार नाही. १९९८ च्या उन्हाळ्यात ओडिशात उष्माघाताने २,०४२ माणसे दगावल्याची शासकीय नोंद आहे. चक्रीवादळाला नाव असते, मार्ग असतो, किनाऱ्यावर धडकण्याची वेळ असते. उष्णता निःशब्द येते आणि आठवडेच्या आठवडे मुक्काम करते. त्या आघातानंतर येथे शाळा सकाळी भरवणे, भर दुपारची उघड्यावरील कामे थांबवणे, चौकाचौकांत 'जळछत्र' म्हणजे पाणपोया उभारणे ही दरवर्षीची रीत झाली. उष्माघाताला ओडिया भाषेत 'अंशुघात' म्हणतात. अंशू म्हणजे किरण. अशा मृत्यूचा संशय आला की महसूल आणि वैद्यकीय अधिकारी मिळून चौकशी करतात. 'संशयित अंशुघात' हे दोन शब्द कागदावर आले की चौकशीचा निष्कर्ष येईपर्यंत वरिष्ठ-कनिष्ठ कोणाचेच चित्त थाऱ्यावर नसते.

अशाच एका एप्रिलमध्ये मला दुपारी छातीत धडधड जाणवू लागली. तळहातांना घाम, डोके हलके, बैठकीत एकच वाक्य दोनदा वाचावे लागे. हृदयालेख काढला, तो निर्दोष निघाला. डॉक्टरांनी विचारले, "पाणी किती पिता, आणि झोपता किती?" दोन्ही उत्तरे समाधानकारक नव्हती. त्यांनी सांगितलेली गोष्ट साधी होती. वाढलेली नाडी, घाम, चक्कर, चिडचिड, निद्रानाश ही चिंतेची लक्षणे आहेत, आणि तापलेल्या, पाणी कमी पडलेल्या शरीराचीही. त्वचा थंड ठेवण्यासाठी हृदय अधिक रक्त बाहेरच्या बाजूला ढकलते, म्हणून ते जलद चालते. मनाला ती धडधड ऐकू येते आणि ते तिच्यासाठी कारण शोधू लागते. जिल्ह्यात कारणांना तोटा नसतोच.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी शरीर निववायचे, मग मनाशी बोलायचे. धडधड सुरू झाली की पाणी, मानेवर ओला पंचा, पंख्याखाली अर्धा तास. त्यानंतरही जी काळजी शिल्लक राहील तीच खरी मानायची. पुष्कळदा ती निम्म्याहून कमी उरते. मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, भोवळ येऊन पडला, अंग भाजल्यासारखे तापले, तर ती चिंता नव्हे. तेथे क्षणाचाही विलंब न लावता अंग गार करीत रुग्णालय गाठावे. मानसिक आजारावरील काही औषधांनी घाम येण्याची क्रिया मंदावते, आणि शरीरातील पाणी घटले तर लिथियमचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. ही औषधे घेणाऱ्यांनी ती आपल्या मनाने बंद न करता उन्हाळ्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

रात्रींविषयी आपण फारच कमी बोलतो. झोप लागण्यासाठी शरीराचे अंतर्गत तापमान किंचित उतरावे लागते. भिंतींनी दिवसभर शोषलेली उष्णता ते उतरू देत नाही. बोलांगीरच्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर चांगले काम करतो, पुरी-भुवनेश्वरकडच्या दमट हवेत तोच कूलर केवळ ओल वाढवतो. मी झोपण्यापूर्वी अंघोळ, सायंकाळनंतर चहा बंद आणि हवामान खात्याचे पत्रक दिवसातून फक्त दोनदा, हा नियम घातला. पाऱ्याकडे तासातासाला पाहिल्याने तो उतरत नाही. रात्री कोणत्या प्रसंगी मला उठवायचे याची चार ओळींची यादी नियंत्रण कक्षात लावली. त्यापूर्वी दूरध्वनी वाजेल या धास्तीनेच मी जागा असे.

दुपारच्या जेवणाचा प्रश्न आमच्या वयोवृद्ध तहसीलदारांनी सोडवला. "आज्ञा, पखाळ खावा आणि घटकाभर डोळे मिटावेत. फायली कुठे पळत नाहीत," ते म्हणाले. पखाळ म्हणजे पाण्यात भिजवून किंचित आंबवलेला भात. सोबत दही, कांदा, कुस्करलेली बडी. विदर्भातील माणसाला आंबील ठाऊक असते, त्यामुळे मला ते परके वाटले नाही. त्याने पोटात पाणी आणि मीठ दोन्ही जातात, आणि डोळे आपोआप जड होतात.

इंग्रजांनी १८६४ पासून उन्हाळ्यात राजधानीच सिमल्याला नेण्याचा उपाय योजला होता. ज्यांना जाता येत होते ते गेले. महसूल निरीक्षकाला तेव्हाही सिमला नव्हता आणि आजही नाही. माझ्या मते या विषयातील प्रशासकीय मर्म येथे आहे. वरच्या माणसाची चिंता वरच राहत नाही. तो दुपारी दोन वाजता दूरध्वनी उचलतो आणि म्हणतो, "त्या गावची स्थिती पाहून लगेच कळवा." त्याची अस्वस्थता दहा मिनिटे शमते. खाली कोणीतरी डोक्याला गमछा गुंडाळून दुचाकीला किक मारतो आणि ४४ अंशांत २० किलोमीटर जातो. उन्हापासून जपा, हे सांगणारे परिपत्रकही कदाचित त्यानेच सकाळी गावात वाचून दाखवलेले असते. म्हणून आम्ही ठरवले की जीविताचा प्रश्न नसेल तर ११ ते ४ या वेळेत कोणाकडूनही स्थळपाहणीचा अहवाल मागवायचा नाही. माझ्या शंका मी वहीत लिहीत असे आणि साडेचारला त्या वाचून काढत असे. बहुतेकांची उत्तरे तोवर मिळालेली असत. उरलेल्यांसाठी सकाळी सहाची वेळ होती. पहिल्या आठवड्यात ती वही फार भरली, पुढे पाने रिकामी राहू लागली.

जूनच्या मध्यावर 'रज' सण येतो. तीन दिवस नांगर थांबतो, मुली झोपाळ्यांवर असतात आणि आकाशात ढग दिसू लागतात. त्या सुमारास नियंत्रण कक्षातील फळ्यावरून 'उष्णता' पुसून तेथे 'पूर' लिहिले जाते. चार ओळींची यादी तशीच ठेवली होती.