धुऱ्यावरची तार

तूर फुलावर आली की आमच्या कारंजा (घाडगे) तालुक्यात बहुतेक घरांतला एक माणूस रात्रीपुरता कमी होतो. तो जागलीला गेलेला असतो. मुलांचे बाबा दिवसभर मजुरी करतात आणि रात्री बॅटरी घेऊन मचाणावर बसतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत शेत नांगरल्यासारखे करून टाकतो, रोही शेंडे खाऊन जातात. पंचनामा होतो, पण मिळालेल्या पैशात वर्षाची तूर भरून निघत नाही. ज्याला जागल झेपत नाही, तो मोटारपंपाच्या लाइनवरून धुऱ्यावर उघडी तार ओढतो. गेल्या वर्षी शेजारच्या शेतातले भाऊ म्हणाले, "वहिनी, रातच्यानं इकडून नोका येऊ, तारेत करंट सोडला आहे." आम्हाला सांगितले म्हणून कळले. बकरीला, लेकरांना, वाघाला कोण सांगणार?

वाघाचे नाव उगीच घेतले नाही. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी सिंदीविहिरीच्या शिवारात अशाच तारेला चिकटून एक वाघीण मेली. तिला त्या वर्षी जुलैमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीच्या जंगलात पकडले होते आणि गळ्यात रेडिओ पट्टा बांधून आपल्या बोरच्या जंगलात सोडले होते. ती तेथे राहिली नाही. पाचशे किलोमीटरहून अधिक फिरली. तिच्या हल्ल्यात माणसे मेली, तिला गोळी घालण्याचा आदेशही निघाला. गोळीच्या आधी तारेने काम केले. मेलेल्या माणसांच्या घरचे दुःख वाघिणीच्या कौतुकात झाकू नये, असे मला वाटते. वर्तमानपत्रांत वाघांना नावे असतात, मेलेल्या मजुराचे नाव दुसऱ्या दिवशी विसरले जाते.

पण बोरचे जंगल आहे तरी केवढे? २०१४ साली व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला तेव्हा तो देशातला सर्वात लहान होता, सुमारे १३८ चौरस किलोमीटर. एकट्या नर वाघाला पन्नास चौरस किलोमीटर किंवा त्याहून मोठा मुलूख लागतो. पिल्लू दोन वर्षांचे झाले की आईला सोडते आणि जागा शोधत निघते. पेंच, मेळघाट, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा ही जंगले बोरच्या चहूबाजूंना आहेत, पण मध्ये आपली शेते, कालवे आणि महामार्ग. बोरचा बाजीराव नावाचा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला.

ही जाण्यायेण्याची वाट बंद झाली तर काय होते? ओडिशातील सिमलीपालचे वाघ इतर वाघांपासून तुटले आहेत. आपापसातच सोयरीक होत राहिली आणि तेथे बरेच वाघ जवळजवळ काळे जन्मू लागले. त्यामागे एकाच जनुकातला बदल आहे, हे बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवले. रंग बदलला तर एक वेळ चालेल, पण अशाच रीतीने रोग आणि वांझपणही साठत जातो. राजस्थानच्या सरिस्कात शिकाऱ्यांनी वाघ संपवले. तेथे दुसरा वाघ आपल्या पायांनी आला नाही, २००८ मध्ये रणथंभोरहून उचलून आणावा लागला.

मार्ग निघत नाही असे नाही. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गावर रस्ता खांबांवर उचलला आणि खाली मोकळी जागा ठेवली. २०१९ मध्ये तेथील कॅमेऱ्यांत वाघ आणि रानकुत्रे खालून जाताना टिपले गेले. समृद्धी महामार्गावरही जनावरांसाठी पूल व भुयारी मार्ग केले आहेत. हे झाले मोठ्या रस्त्यांचे. परंतु वाघ रात्री चालतो तो नाल्याच्या काठाने, आमच्या धुऱ्यावरून. तेथे खांब उभारायला कोणी येणार नाही.

धुऱ्यावर झटका मशीन चालते. सौर बॅटरीवरचे हे यंत्र क्षणभराचा झटका देते. जनावर मागे हटते, मरत नाही. माणूसही मरत नाही. जंगलालगतच्या गावांसाठी अनुदानाची योजना आहे, पण आपल्या वाट्याची रक्कम भरणेही दोन-तीन एकरवाल्याला जड जाते. म्हणून आम्ही पाच-सहा घरे मिळून एक मशीन घेण्याचा विषय ग्रामसभेत मांडणार आहोत. शेजारचे भाऊ तयार झाले, फक्त अट घातली: तार ज्याच्या धुऱ्यावरून जाईल, त्याने तिथले गवत कापत राहायचे. ओले गवत तारेला टेकले की झटक्याचा जोर जातो, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे.