‘प्रिझन ब्रेक’ला नावं ठेवणाऱ्यांसाठी



पस्तिशीच्या माणसाने व्हिडिओ गेमवर लिहावं का, हा प्रश्न आमच्या घरात विचारून झालेला आहे, तेव्हा तो इथे नको. विषय आहे ‘जीटीए ऑनलाइन’मधल्या दरोड्यांचा. मार्च २०१५ मध्ये रॉकस्टारने या खेळात पाच दरोडे आणले. पहिला दोघांचा, बाकीचे चार प्रत्येकी चौघांचे. त्यातला दुसरा, ‘प्रिझन ब्रेक’, हा बहुतेकांचा नावडता. तक्रारी ठरलेल्या: पैसे कमी, एक कच्चा गडी सगळ्यांना बुडवतो, आणि पायलटला काही कामच नाही. पाचांतला सर्वांत चांगला दरोडा हाच, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याची कारणं नेमकी ह्याच तीन तक्रारींत आहेत.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वाळवंटातल्या बोलिंगब्रोक तुरुंगातून रश्कोव्स्की नावाच्या प्रोफेसरला बाहेर काढायचं. आधी चार तयारीच्या मोहिमा: विमान पळवा, कैद्यांची बस पळवा वगैरे. मुख्य दिवशी एकजण कैदी होतो, दुसरा पहारेकरी, आणि दोघं बसमधून आत शिरतात. तिसरा बझर्ड हेलिकॉप्टरमधून वरून आड देतो. चौथा व्हेलम नावाचं छोटं विमान हवेत ठेवतो. आतली मंडळी सुटली की धावपट्टीवर उतरून सगळ्यांना उचलायचं, आणि शेवटी सगळ्यांनी पॅराशूट घेऊन उड्या मारायच्या.

आता पैसे. २०१५ च्या हिशोबाने हार्डवर ‘प्रिझन ब्रेक’चे जास्तीत जास्त ५ लाख, तर ‘पॅसिफिक स्टँडर्ड’ बँकेचे साडेबारा लाख. तेही चौघांत मिळून. वाटणी करतो लीडर, कारण तयारीचा खर्च त्याच्या खिशातून जातो आणि तयारीच्या मोहिमांत त्याला दमडी मिळत नाही. त्यामुळे बाकी दरोड्यांत ‘मला ४० टक्के’ अशी घासाघीस चालते. ‘प्रिझन ब्रेक’मध्ये मात्र आमच्यात कधी वाद झाला नाही. बसवाले नसतील तर प्रोफेसर सुटत नाही, बझर्ड नसेल तर बसवाले जगत नाहीत, विमान नसेल तर तिघांनाही घरी जायला वाहन नाही. चौघांना २५-२५ हे तिथे औदार्य नव्हे, साधं गणित आहे.

दुसरी तक्रार, कच्च्या गड्याची. खरी आहे. हार्डवर एकही जास्तीचा जीव मिळत नाही. एक मेला की सगळ्यांचं काम फसलं. पण याच खेळात ‘क्रिमिनल मास्टरमाइंड’ नावाचं एक आव्हान आहे. चौघांचे चारही दरोडे ओळीने, हार्डवर, त्याच गड्यांबरोबर, एकदाही कोणी न मरता पार पाडले तर प्रत्येकाला १ कोटी. आमची साखळी दोनदा तुटली, आणि दोन्ही वेळा तुरुंगात नाही, पुढच्या दरोड्यात. तिथे ‘तो बघून घेईल’ असं प्रत्येकाला वाटतं. तुरुंगात ती सोयच नाही. बसमधल्याला आकाश दिसत नाही, पायलटला तुरुंगाचं आवार दिसत नाही. बोलावंच लागतं, आणि नेमकं बोलावं लागतं. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन रिलीजच्या कॉलवर बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

राहिला पायलट. व्हेलमला ना बंदूक ना क्षेपणास्त्र. मागे लढाऊ जेट लागतात, त्यांना चुकवत डोंगरांच्या आडोशाने फिरत राहायचं. मंडळी धावपट्टीपाशी पोचली की थेट त्यांच्यापाशी उतरायचं. लवकर उतरलं तर विमान उडणार, उशीर झाला तर माणसं मरणार. ह्याला ‘काही काम नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा ते करून बघावं.

आम्ही चौघं पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे. मी न्यू जर्सीत, एक लंडनला, एक दुबईला, एक अजून पुण्यात. उन्हाळ्यात माझे शनिवारी सकाळी दहा म्हणजे लंडनचे दुपारचे तीन, दुबईचे सहा आणि पुण्याचे रात्रीचे साडेसात. पायलट नेहमी पुणेकर. गोळ्या चालवायच्या नसल्यामुळे त्याचं तोंड मोकळं असायचं, आणि आम्ही तिघं कामात असताना घिरट्या घालत तो बातम्या द्यायचा. लंडनवाल्याच्या आईचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन आलो, शुगर ठीक आहे. तुझ्या बाबांच्या घरचा इन्व्हर्टर बदलून दिला, ते पैसे देत होते, घेतले नाहीत. ‘बोलू नको रे, उजवीकडे बघ,’ असं आम्ही ओरडायचो, आणि ऐकायचो मात्र सगळं.

डिसेंबर २०२० मध्ये ‘कायो पेरिको’ आला. हा एकट्याने करता येतो. बेट, पाणबुडी, भरपूर पैसा, आणि कोणाची वाट बघायला नको. चांगला आहे, मीही पुष्कळदा केला. चौघांचीही खाती फुगली आणि शनिवार हळूहळू बंद पडला. त्यानंतर काकूंचं, म्हणजे लंडनवाल्याच्या आईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते मला तीन महिन्यांनी कळलं. नेऊन-आणून कोणी केलं, हे विचारावं लागलं नाही.

‘प्रिझन ब्रेक’मध्ये दोष नाहीत असं नाही. तयारीच्या मोहिमांतली ती लांबच लांब ड्रायव्हिंग कंटाळवाणी आहे, आणि एकाचं नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण एकट्याला अजिबात करता येणार नाही असा दरोडा कोणी मुद्दाम बांधला, ही गोष्ट मला त्या साडेबारा लाखांपेक्षा मोठी वाटते.

ज्यांच्याकडे अजून चार गडी जमतात त्यांनी करून बघा. गोळीबार चांगला जमतो म्हणून कोणालाही बसमध्ये घाला, पण विमान मात्र अशा माणसाच्या हाती द्या जो आपल्यासाठी थांबेल.

असो. बाकी क्षेम.