बासष्ट टोकांची वही

येरवड्यात आमच्या घराखालीच अब्बांचे छोटे वर्कशॉप होते. तिथल्या कटिंग मशीनला हुकूम देणारा जुना कॉम्प्युटर 2006च्या पावसाळ्यात बंद पडला. मशीन धडधाकट होती, पण तिचे कार्ड ज्या खाचेत बसायचे, ती खाच नव्या कॉम्प्युटरमध्ये उरलीच नव्हती. अब्बा म्हणाले, "भंगारात द्यावी लागणार." अम्मी गप्प राहिली. त्याच मशीनवर आमच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या होत्या.

आम्ही दोघे भाऊ जुन्या बाजारात गेलो. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. दुसऱ्या खेपेला लांब काळ्या खाचांचा कॉम्प्युटर सापडला. कार्ड बसले, पण मशीन हलेना. मग माहितीचा शोध सुरू झाला. अप्पा बळवंत चौकात सगळी पुस्तके नव्या कॉम्प्युटरची. शेवटी मोहल्ल्यातल्या एका निवृत्त सरांनी पेटीतून झेरॉक्सचे बाड काढले. ते आयबीएमचे 'टेक्निकल रेफरन्स' होते.

1981 साली पहिला पीसी आणताना या कंपनीने त्याच्या सर्किटचे नकाशेही छापून विकायला ठेवले. खाचेत 62 टोके, दोन्ही बाजूंना 31. माहितीच्या तारा 8, पत्त्याच्या 20. कुठे पाच व्होल्ट, कुठे बारा, सारे नोंदलेले. 1984 साली शेजारी आणखी 36 टोके आली, तरी जुनी कार्डे चालत राहिली. नकाशा उघडा होता, म्हणून कितीतरी कारखान्यांनी कार्डे बनवली. 1987 साली कंपनीने नवी खाच परवान्याच्या कुंपणात ठेवली. ती फारशी रुजली नाही.

त्याच बाडात पत्त्यांचा तक्ता होता. आमचे कार्ड 300 या पत्त्यावर उत्तर देत होते. बाजारातून आणलेल्या कॉम्प्युटरमध्ये एक नेटवर्क कार्डही होते, तेही 300 वरच! दोन घरांना एकच नंबर दिला, तर पोस्टमन काय करणार? नेटवर्क कार्ड उपटले आणि मशीन घरघरली. अब्बा म्हणाले, "अल्हमदुलिल्लाह!" अम्मीने सर्वांसाठी चहा टाकला.

बाड परत करायला गेलो, तेव्हा सर म्हणाले, "पोरांनो, आधी उतरवून घ्या. माझ्यानंतर ही पेटी कोण उघडणार?"

दोन रात्री बसून आम्ही 62 टोके वहीत उतरवली. पुढे वर्कशॉपवाले ती मागायला येऊ लागले. अम्मी वही द्यायची, पण एका अटीवर: नक्कल करून घ्यायची आणि वही परत आणायची.