शेजारी येऊन बसलेला खेळाडू

फुटबॉल म्हणजे गोल चेंडू पायाने मारायचा, हात लावला की फाऊल, एवढंच मला ठाऊक होतं. पण ऑस्ट्रेलियात एक निराळाच फुटबॉल खेळतात. चेंडू अंड्यासारखा लांबट. एका बाजूला 18 गडी. चेंडू हातात घेऊन पळता येतं, मुठीने ठोसा मारून आपल्या गड्याकडे देता येतो, फक्त फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून पायाने मारला तर 6 गुण, कडेने गेला तर 1. गेल्या शनिवारी गुरुजींनी हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं आणि डग निकोल्स या जुन्या खेळाडूची गोष्ट सांगितली. पालकांना वाटेल, पोरगं कुठल्या कुठे चाललंय! पण वाचा तर खरं.

डगचा जन्म 1906 साली मरे नदीकाठच्या कमेरागंजा नावाच्या वस्तीत झाला. तिथे ऑस्ट्रेलियातले आदिवासी सरकारच्या धाकात राहत. वस्तीच्या शाळेतले गुरुजी थॉमस जेम्स मॉरिशसमध्ये जन्मलेले, आणि त्यांचे आईवडील भारतीय! हे ऐकून आम्ही टाळ्या वाजवल्या. पण पुढचं ऐकून सगळे गप्प झाले. डग आठ वर्षांचा असताना पोलीस आले आणि त्याच्या सोळा वर्षांच्या बहिणीला, हिल्डाला, बळजबरीने घेऊन गेले. अशा मुलींना दूर ठेवून घरकाम शिकवत आणि गोऱ्यांच्या घरी कामाला लावत. मला माझी ताई आठवली.

मोठा झाला तरी डगची उंची पाच फूट दोन इंच. पण पळायला लागला की कुणाच्या हाती लागत नसे. तो मेलबर्नच्या कार्लटन क्लबात गेला. तिथे मालीश करणारे त्याला हात लावायला तयार होईनात, कारण त्याचा रंग काळा. मग तो नॉर्थकोट क्लबात गेला आणि 1929 साली त्या संघाने अजिंक्यपद मिळवलं. 1932 मध्ये फिट्झरॉय या मोठ्या क्लबाने त्याला घेतलं. तिथेही कपडे बदलायच्या खोलीत तो कोपऱ्यात एकटाच बसला. कुणी जवळ येईना. तेव्हा हेडन बंटन आला आणि त्याच्या शेजारी बसला. बंटन म्हणजे साधासुधा गडी नव्हे, 1931 सालच्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक त्यालाच मिळालेलं. मग बाकीचेही बोलू लागले.

फिट्झरॉयकडून डग 54 सामने खेळला. 1935 साली व्हिक्टोरिया राज्याच्या संघात गेला. पुढे गुडघे दुखावले, खेळ सुटला. मग ते पाद्री झाले, आपल्या लोकांच्या हक्कांसाठी झटले. 1972 साली त्यांना 'सर' किताब मिळाला (आपल्या शाळेतल्या सरांसारखा नव्हे, तो मोठा मान असतो). 1976 साली ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. 1988 साली ते वारले.

गुरुजी त्या कोपऱ्याचं सांगत होते तेव्हा मी मान खाली घातली होती. गेल्या हिवाळ्यात ऊसतोडीच्या टोळीतला एक मुलगा आपल्या वर्गात यायचा. तुम्हाला आठवत असेल. कोपीत राहायचा, कपड्यांना धुराचा वास यायचा. तो दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसायचा. एकदा तो माझ्या पट्टीवर बसायला आला. मी मधे दप्तर ठेवलं. बोललो काहीच नाही. तो परत दाराजवळ गेला. पळण्यात तो आपल्या सगळ्यांच्या पुढे होता, पण केंद्राच्या स्पर्धेसाठी नावं लिहायला गुरुजींनी मला, मॉनिटरला, सांगितलं, तेव्हा मी त्याचं नाव लिहिलं नाही. मार्चात कारखान्याचा पट्टा पडला. टोळी गेली, तोही गेला.

आता दिवाळी झाली की टोळ्या येतील. तोच येईल असं काही नाही. मी माझ्या पट्टीवर एक जागा मोकळी ठेवली आहे. शेजारचा म्हणतो, "उगाच दाटी करतोस." म्हणू दे.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी